पाणी तपासायची पेटी: खाणीशेजारच्या गावात दीड वर्ष वापरल्यावर

आमच्या ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा पांढरं झालं ते २०२४ च्या फेब्रुवारीत. पावसाळ्यातलं गढूळ पाणी आम्ही जन्मभर बघत आलोय, ते तांबडं असतं. हे पेजेच्या निवळीसारखं दिसायचं. घागर रात्रभर तशीच ठेवली की सकाळी तळाशी राखाडी थर. सासूबाईंनी तो बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला आणि माझ्या तळहाताला पुसला. कचकच लागली. "माती न्हवं गं ही, दगडाचं पीठ हाय," म्हणाल्या. त्यांचं अर्धं आयुष्य जात्यावर गेलंय.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या खोऱ्यात. माळावर तांबड्या मातीत रताळी, खाली भात, भात निघालं की मसूर. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची खाण आहे आणि तिला लागूनच खडीचा क्रशर. खाण खोल गेली तसं तिच्यात झऱ्यांचं पाणी साठायला लागलं. खाली उतरून दगड काढायचा तर ते पाणी उपसावं लागतं. पंप लावून ते ओढ्यात सोडायला सुरुवात झाली, आणि आमची विहीर ओढ्यापासून चार पावलांवर.

पाणी तपासायची ही पेटी आमच्या बायकांच्या संघानं घेतल्याचं कळल्यापासून शेजारच्या दोन गावांतल्या बायका येऊन विचारून गेल्या. कुठली घेतली, खरंच कळतं का, की पैसे पाण्यात जातात. प्रत्येकीला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून लिहून ठेवते. कंपनीचं नाव देत नाही. अशा पेट्या बऱ्याच कंपन्या करतात आणि आतलं सामान साधारण सारखंच असतं. खरा फरक वापरण्यात पडतो.

पेटीच्या आधी आम्ही टीडीएसचा पेन घेतला होता, ऑनलाइन, ३०० रुपयांना. पाण्यात बुडवला की आकडा येतो. पांढऱ्या पाण्यात बुडवला, १४० आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत चांगलं म्हटलंय. आम्ही गप्प बसलो. एप्रिलच्या ग्रामसभेत खाणीकडून आलेल्या माणसानंही खिशातून तसाच पेन काढला, सगळ्यांसमोर तांब्यात बुडवला आणि म्हणाला, "बघा, फिल्टरच्या तोडीचं पाणी आहे." त्या दिवशी कुणाला काही उत्तर देता आलं नाही. मला तर घरी येऊन जेवण गेलं नाही.

हे आधीच ठाऊक असतं तर आमचे चार महिने वाचले असते. तो पेन पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. दगडाचं पीठ विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं. पेनाला ते दिसतच नाही. पाणी पांढरंफटक असलं तरी पेन १४० दाखवणार, आणि त्याच्या परीनं ते बरोबरच आहे. खाणीशेजारच्या गावानं पेनावर भिस्त ठेवू नये. कुणी तुमच्यासमोर तो काढला तर सरळ म्हणावं, हे क्षाराचं झालं, आता गढूळपणाचं दाखवा.

पेटीची माहिती आशाताईंकडून कळली. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. आमच्याही गावातल्या पाचजणी एक दिवस शिकून आल्या होत्या. पेटीही आली होती, पण कपाटात राहून राहून तिच्यातल्या औषधांची मुदत संपली होती. मग संघातल्या आम्ही बाराजणींनी वर्गणी काढली आणि २०२४ च्या जूनमध्ये नवी मागवली. कुरिअर धरून ३,४०० रुपये. दप्तराएवढी निळी पेटी, आत बाटल्या, नळ्या, पुड्या, ड्रॉपर आणि रंगांचे तक्ते. बहुतेक तपासण्या शंभर शंभर वेळा होतात.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती गढूळपणाची नळी. हातभर लांब, तळाशी पांढऱ्या चकतीवर काळी फुली. नळी उभी धरायची, वरून आत बघत बघत पाणी ओतत जायचं. फुली दिसेनाशी झाली की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. यात रसायन नाही, मुदत नाही, काही संपत नाही. पहिल्यांदा ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी ओतलं तेव्हा नळी निम्मीही भरली नव्हती आणि फुली गेली. आकडा ४०. मानकात गढूळपणा १ असावा, दुसरी सोय नसेल तर ५ पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. मग सासूबाईंनी नळीत वाकून बघितलं. त्यांना अक्षर येत नाही, पण दुसऱ्या विहिरीच्या पाण्यात फुली दिसते आणि या पाण्यात दिसत नाही हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या ग्रामसभेला ती नळी त्याच घेऊन गेल्या.

नळीत एक उणीव आहे. ती ५ च्या खाली काही सांगत नाही. फुली शेवटपर्यंत दिसत राहिली तर पाणी ५ पेक्षा कमी आहे एवढंच कळतं, १ आहे की ४ ते कळत नाही. ज्यांचं पाणी दिसायला बरं आहे पण शंका आहे, त्यांना ही नळी पुरणार नाही.

आता नायट्रेट, आणि इथं जरा थांबून सांगते. सुरुंगाला बहुतेक ठिकाणी अमोनियम नायट्रेटचीच दारू वापरतात, कुठं डिझेलमध्ये मिसळून, कुठं दुसऱ्या रूपात. भरताना सांडलेले दाणे आणि न फुटता राहिलेला अंश पाण्यात विरघळतो आणि दगडाच्या भेगांतून खाली मुरतो. पाणी स्वच्छ दिसतं, चवीला कळत नाही. मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढं गेलं की सगळ्यात धोका वरचं दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळांना, कारण रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होत जातं. तुरटी फिरवून, फडक्यानं गाळूनही जात नाही. आमच्याकडं जुन्या बायका घागरीच्या आत निवळीची बी घासतात. दगडाचं पीठ तिनं छान खाली बसतं, मी करून बघितलंय, पण नायट्रेटला तिचा उपयोग नाही. घरात तान्हं असेल तर त्याचं पाणी दुसरीकडून आणा. आम्ही गावातल्या दोन घरांसाठी वरच्या विहिरीवरून कळशा आणायची पाळी लावलीय.

तपासणी अशी: नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात पुडी, मग थेंब, हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं. नायट्रेट असेल तर गुलाबी रंग चढतो. तो तक्त्याशी ताडायचा. आमच्या तक्त्यावर ०, १०, ४५ आणि १०० असे चारच रंग आहेत. मधला रंग आला की डोळ्यानं अंदाज करायचा, आणि अंदाजात माणूस आपल्याला हवं तेच बघतो. म्हणून आम्ही एक रीत घातली. तिघीजणींनी वेगवेगळं बघायचं, आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मग चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. तिन्ही आकडे वहीत जातात. रंग बघायचा तो दिवसाउजेडी, सावलीत. ट्यूबलाइटखाली गुलाबी वेगळाच दिसतो, पहिल्या महिन्यातली दोन वाचनं आम्हाला त्यामुळं रद्द करावी लागली.

तीन विहिरी निवडल्या. एक ओढ्याकाठची. दुसरी वरच्या अंगाची, जिच्याकडं खाणीचं पाणी येत नाही. ती तुलनेसाठी. तिसरी गोठ्याजवळची, आमच्याच भावकीची. वरच्या विहिरीत नायट्रेट कायम १० च्या आसपास. ओढ्याकाठच्या विहिरीत ४५ ते १०० च्या मध्ये, सुरुंगानंतरच्या आठवड्यात जास्त. आणि गोठ्याजवळच्या विहिरीत सरळ १००. तिथं खाणीचा काही संबंध नाही. विहिरीच्या वर दहा फुटांवर आमचा उकिरडा होता, शेणामुताचं पाणी तिच्यात उतरत होतं. भावकीतले म्हणाले, "वैनी, हे वहीत लिहू नका, उद्या तेच आपल्यावर उलटवतील." मी लिहिलं. उकिरडा खालच्या बाजूला हलवला, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्या विहिरीचा आकडा ४५ वर आला. तेही वहीत आहे. नोव्हेंबरच्या ग्रामसभेत खाणीवाल्यांनी, नायट्रेट शेतातल्या युरियाचं आणि गोठ्याचं आहे, असं काढलंच. तेव्हा मी ते पान उघडून दाखवलं: गोठ्याचं किती ते इथं आहे, आता ओढ्याकाठच्या विहिरीचं बोला. त्या विहिरीच्या आसपास गोठा नाही, आणि वरचं शेत पडीक आहे. मग पीडीओ साहेबांनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, वही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून चाळली.

पेटीतल्या जंतूंच्या बाटल्या चांगल्या आहेत, पण थंडीत फसवतात. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर पाण्यात घाण मिसळते आहे असं समजायचं. त्यासाठी ऊब लागते. जानेवारीत आमच्याकडं रात्री किती गार पडतं ते सांगायला नको. पहिल्या खेपेला बाटली काळी झाली नाही आणि आम्ही पाणी चांगलं म्हणून मोकळ्या झालो. पुढच्या खेपेला तीच विहीर, पण बाटली भाताच्या कोंड्याच्या डब्यात घालून चुलीशेजारी ठेवली. दुसऱ्या सकाळी कोळशासारखी काळी. पत्रकात ऊब लागते एवढं लिहिलंय, पण ती गावातल्या घरात कशी द्यायची ते लिहिलेलं नाही.

कठीणपणा, लोह, क्लोराइड, फ्लोराइड या तपासण्याही होतात, आमच्याकडं त्यात काही वावगं आढळलं नाही. कठीणपणाची सोपी आहे, लालसर पाणी निळं होईपर्यंत थेंब मोजायचे.

पत्रक इंग्रजी आणि हिंदीत. मराठी नाही, कन्नडही नाही. माझ्या मुलीनं मराठीत उतरवून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलं. बेळगावसारख्या ठिकाणी विकताना दोन्ही भाषांत एकेक पान घालायला कंपनीला फार खर्च आला नसता. या पेट्या बायकांनी वापरायच्या म्हणून गावोगावी पोचतात आणि पत्रक त्यांच्या भाषेत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पाण्याच्या तक्रारीचे अर्ज मात्र आम्ही कन्नडमध्ये दिले. गावातल्या एका शिक्षकांनी लिहून दिले, सोबत मराठी प्रत जोडली. त्यानं काम लवकर हललं, हा आमचा अनुभव.

पेटीचा आकडा कागदोपत्री पुरावा म्हणून चालत नाही, हे घेण्याआधी पक्कं समजून घ्या. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. आम्ही नमुना एका प्रयोगशाळेत नेला तर पहिल्यांदा परत पाठवला, थंड पाण्याच्या जुन्या बाटलीत नेला होता म्हणून. दुसऱ्यांदा "नाळे बन्नी", म्हणजे उद्या या, तिसऱ्यांदाही तेच. बेळगावला तीन हेलपाटे म्हणजे तीन दिवसांचा रोजगार बुडाला. तुम्ही जाताना बाटली तिथूनच मागून घ्या, जंतूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी असते, ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा, आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. अहवालात नायट्रेट ५८ आलं. त्याच सकाळच्या आमच्या तीन चिठ्ठ्या ६०, ५० आणि ६० अशा होत्या. ३,४०० रुपयांच्या पेटीकडून आणि तिघींच्या डोळ्यांकडून यापेक्षा जास्त काय मागायचं. त्या दिवसापासून वहीतल्या जुन्या आकड्यांनाही वजन आलं.

वही म्हणजे साधी दोनशे पानी. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सकाळी ७ वाजता, बायका पाणी शेंदायच्या आधी. सुरुंग झाला की दुसऱ्या सकाळीही. तारीख, वेळ, विहीर, तिघींचे आकडे, सह्या किंवा अंगठे. पाऊस झाला होता का, खाणीचा पंप चालू होता का. हे शेवटचे दोन रकाने जरूर घाला.

खाण लहान आहे, तिला पर्यावरणाची परवानगी लागत नाही, असं आम्हाला वर्षानुवर्षं सांगण्यात आलं होतं. तसं नाही. ५ हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही ही परवानगी लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २७ फेब्रुवारी २०१२ चा निकाल आहे. आणि परवानगी मिळालेल्या खाणीनं दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्या की नाही याचा अहवाल द्यायचा असतो. तो अहवाल लोकांना बघता येतो. केंद्राच्या परिवेश या संकेतस्थळावर शोधा, नाही मिळाला तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज. आम्ही तो मागवला. त्यात खाणीतलं पाणी गाळ बसवूनच बाहेर सोडायची अट होती. तो कागद आणि आमची वही शेजारी शेजारी ठेवली, आणि मग बोलणं सोपं गेलं.

२०२५ च्या जानेवारीत खाणीनं ओढ्याच्या आधी एकामागं एक दोन गाळाचे खड्डे खणले. पाणी पहिल्यात थांबतं, वरून दुसऱ्यात उतरतं, तिथून ओढ्यात. मार्चमध्ये नळीवरचा आकडा ४० चा १० झाला. गावात पेढे वाटायचेच बाकी होते. मेमध्ये तो २५ झाला. आम्ही वर जाऊन बघितलं तर दोन्ही खड्डे काठोकाठ गाळानं भरलेले, पाणी आलं तसं पुढं जात होतं. खणले होते, उपसले नव्हते. आम्हाला वर जाऊन बघायचं सुचलं ते नळीमुळं. आता खड्डे कधी उपसले त्याचाही रकाना वहीत आहे, आणि आकडा १५ च्या वर गेला की पंचायतीला लेखी कळवायचं ठरलंय. जूनमध्ये उपसले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सांगावं लागलं. आमच्या ओढ्याचं पाणी मार्कंडेयेत जातं, मार्कंडेयेचं घटप्रभेत, घटप्रभेचं कृष्णेत. खालच्या गावांनाही हा गाळ लागतो, हे आमच्या सभेत एका म्हाताऱ्या मामांनी उभं राहून सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले.

पेटीत काय नाही तेही सांगते. धुळीचं माप नाही. क्रशरला आडोशाची भिंत हवी, आवारातला रस्ता पक्का हवा, जमीन रोज भिजवायला हवी, कडेनं झाडं हवीत, हे नियमात आहे. पण धूळ किती उडते ते मोजायचं यंत्र आमच्या आवाक्याबाहेरचं. रताळीच्या वेलाचं पान पांढऱ्या फडक्यानं पुसून ते फडकं तारखेसकट वहीत चिकटवतो, एवढंच. विहिरीची पातळी मोजायलाही पेटीत काही नाही, आणि खाण खोल गेली की पातळी उतरते, हे त्याहून मोठं दुखणं. त्यासाठी सुताची दोरी घेतली, फुटाफुटावर गाठ, टोकाला दगड. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी, तेही १ आणि १५ तारखेला. भिंतींना सुरुंगानं गेलेले तडे पेटी सांगत नाही. त्यांचे फोटो शेजारी स्केलपट्टी धरून काढतो.

२०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज निधी असतो आणि त्यातून पिण्याच्या पाण्याला प्राधान्य द्यायचं असतं. वरच्या विहिरीवरून गावात नळ आणावा म्हणून त्यातून पैसे मागणारा अर्ज केलाय, वहीच्या प्रती जोडून. उत्तर यायचं आहे.

पाचपैकी चार तारे मी देईन. एक तारा पत्रकाच्या भाषेसाठी आणि नायट्रेटच्या चारच रंगांसाठी कापला. एकटीनं घेऊ नका, निदान तिघी तरी पाहिजेत. पेटी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, आमची कोठीच्या खोलीत धान्याच्या कणगीमागं असते. दुकानदाराला पैसे देण्याआधी प्रत्येक औषधाची मुदत फोनवर वाचून दाखवायला लावा. आमच्या दुसऱ्या खेपेच्या नायट्रेटच्या पुड्यांना तीनच महिने उरले होते. आम्ही पुड्या फोडायच्या आधी तारखेचा फोटो पाठवला, तेव्हा बदलून मिळाल्या.